खालच्या अंगाला

"कागद उलटा धरला आसंल, मॅडम. आमी अडानी मानसं," हौशीराम म्हणाला आणि नसीमच्या हातातली टेप सुटून सपकन आपल्या डबीत शिरली. बोट जरा कापलं. ती ते तसंच धरून उभी राहिली. मावळातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची ही गच्ची, तीन मजले उंच. सकाळचे सव्वादहा, फेब्रुवारीचं स्वच्छ ऊन, आणि त्या उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या लोखंडी सांगाड्यांच्या चार रांगा. पुढचे पाय आखूड, मागचे लांब. पुढच्या आठवड्यात त्यांच्यावर सोलरची पॅनेलं चढायची होती. कंपनीच्या इंजिनिअर अनघा मॅडम आज पुण्याहून काम बघायला आल्या होत्या. त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं, मोबाइल तळहातावर आडवा धरला, एकदा रांगांकडे पाहिलं, एकदा काट्याकडे, आणि म्हणाल्या, "हे पूर्वेला का बघतायत? दक्षिणेला हवे होते ना?" मग हौशीराम बोलला. साठीला आलेला, भाजे गावचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला, या अकरा जणांच्या टोळीचा मुकादम. त्यानं ते इतकं सहज सांगितलं की कोणालाही खरं वाटावं. अनघा मॅडमना वाटलंही. तो धडधडीत खोटं बोलतोय हे फक्त नसीमला ठाऊक होतं, आणि कोणासाठी बोलतोय तेही.

तीन दिवस ती गच्चीवर नव्हतीच. मीटरच्या कागदांसाठी रोज तळेगावला जात होती आणि आज मॅडमच्या मागोमागच जिना चढून आली होती. या कामाची सुपरवायझर ती, पण या चार रांगा तिनंही आत्ताच पाहिल्या. आणि खरं सांगायचं तर पाहिल्याबरोबर तिला भीती वाटली नाही, चूक दिसली नाही. मनात आलं ते एवढंच की बरोबरच तर आहे, हौशीराम आबांनी सांगितल्याप्रमाणे केलंय. हे मनात आलं आणि मागोमाग मॅडमचा आवाज आला. तेव्हा सोमवारचा तो फोन तिला आठवला, शब्दन् शब्द. ती फाटकाजवळ ट्रकमधून खोकी उतरवून घेत होती. मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "रांगांचं तोंड खाली. ड्रॉइंगमध्ये खालची बाजू आहे ना, तिकडे." कागदावर खाली म्हणजे दक्षिण, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. नसीमनं तो फोन ठेवला, हौशीरामला लावला, आणि ट्रकच्या भोंग्यात ओरडून सांगितलं, "आबा, तोंडं खालच्या अंगाला करा." म्हाताऱ्यानं विचारलं होतं. नीट विचारलं होतं. "खालच्या अंगाला म्हंजी तळेगावकडंच ना गं पोरी?" आणि ती म्हणाली होती, "व्हय आबा, खालच्याच अंगाला. घ्या झटाझट."

मावळात वर म्हणजे घाट. लोणावळा, खंडाळा, मावळतीची बाजू. खाली म्हणजे तळेगाव, देहू, पुणं. इंद्रायणीचं पाणी जिकडे जातं ती उगवतीची बाजू. हे कोणी कोणाला शिकवत नाही. रेल्वेनंसुद्धा घाटाकडे जाणाऱ्या गाडीला अपच म्हटलंय, मग गावानं काय वेगळं म्हणायचं? नसीम कान्हे गावची. चालायला लागली तेव्हापासून तिला वर आणि खाली ठाऊक होतं, आणि डोळे बांधून कुठेही उभं केलं असतं तरी तिनं बोट दाखवलं असतं. पुढे पॉलिटेक्निकमध्ये विजेचा डिप्लोमा करताना पॅनेलं दक्षिणेकडे का लावायची ते ती शिकली, परीक्षेत आकृती काढून दहापैकी नऊ मार्क मिळवले. ते सगळं डोक्यात शाबूत होतं. पण घाईत माणूस डोक्यानं बोलत नाही. घाईत जीभ आपली आपण उठून घरी जाते, आणि तिथला शब्द उचलून आणते.

तिसरीत असताना गुरुजींनी विचारलं होतं, सूर्य कोणत्या दिशेला उगवतो? हात पहिला नसीमचा वर गेला. "खालच्या अंगाला." गुरुजी चष्मा काढून हसले. "म्हणजे मुलाण्यांच्या परसात उगवतो होय गं सूर्य?" नसीम मुलाण्यांची, घर गावाच्या खालच्या टोकाला. वर्ग खदखदून हसला. त्यातली निम्मी पोरं घरी खालचं अंगच म्हणायची, पण हसायला सगळी पुढे. वहीचं पान भरून तिला पूर्व, पूर्व, पूर्व असं लिहायला लावलं. त्या पानाची तिला अजून लाज वाटायची, आणि गंमत म्हणजे लाज त्या गुरुजींची वाटायला हवी होती हे तिला आज, छत्तिसाव्या वर्षी, या गच्चीवर, कापलेलं बोट धरून उभी असताना पहिल्यांदा सुचलं. एवढी वर्षं काय केलं तिनं? दोन जिभा पाळल्या. खाली ऑफिसात 'नाही', 'कुठे', 'इथे'. वर गच्चीवर 'न्हाई', 'कुटं', 'हितं'. जिन्याच्या शेवटच्या वळणावर पाण्याची टाकी होती, तिथे जीभ बदलायची, इतकी सवयीनं की तिचं तिलाही कळायचं नाही. मॅडमसमोर चुकून एखादं 'लय' निघालं तर कान तापायचे. आणि सोमवारी ती टाकीपाशी नव्हती, फाटकाजवळ होती, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे, आणि मॅडमचं 'खाली' आबांच्या 'खाली'त जाऊन पडलं.

अनघा मॅडम वाईट बाई नव्हती. हेच अवघड होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या साहेबांनी, बाईमाणूस गच्चीवर कशाला, असं म्हटलं तेव्हा नसीमसाठी भांडली होती ती हीच. वयानं सात वर्षं लहान, पण नसीमताई म्हणायची, डब्यातलं अर्धं पुढे करायची. आताही तिनं आवाज चढवला नाही. जिन्याच्या सावलीत पायरीवर बसून लॅपटॉप मांडीवर घेतला, पंधरा मिनिटं टकटक केलं, आणि पडदा नसीमकडे फिरवला. साहेबांना पाठवायचा अहवाल होता. कामगारांच्या अज्ञानामुळे आणि ड्रॉइंग उलटे धरले गेल्यामुळे चार रांगांची दिशा चुकली. पर्यवेक्षक त्या वेळी कार्यालयीन कामासाठी बाहेरगावी होत्या. सदर टोळीस यापुढे कंपनीच्या कोणत्याही कामावर घेऊ नये. खाली सहीची जागा, नसीम राजमहंमद मुलाणी. "प्रिंट खाली ऑफिसात निघतेय," मॅडम म्हणाल्या. "तुमचं नाव कुठेच येत नाही, नसीमताई. उलट बरं झालं, तुम्ही नव्हता. जेवायच्या सुट्टीपर्यंत सही द्या, मी साहेबांना पाठवून टाकते. तळेगावचं मोठं काम तुम्हालाच मिळणार आहे, आता त्यात विघ्न नको." नसीमनं मान हलवली. होकाराची की नकाराची हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. अज्ञान हा शब्द मात्र ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

अज्ञान. अब्बांना कोणी अज्ञानी म्हटलं असतं तर? राजमहंमद मुलाणी, घरांवर पत्रे टाकणारे. एप्रिल-मे आला की मुलान्याला बोलवा, असं गावोगाव व्हायचं आणि अब्बा सायकलला शिडी बांधून निघायचे. सुट्टीत नसीम बरोबर असायची, पत्रे आवळायचे हूक आणि डांबरी वायसर एकेक वर द्यायला. मावळातला पाऊस सरळ पडत नाही. तो आडवा येतो, घाटाकडून, वरनं. म्हणून पत्रा खालच्या अंगानं टाकायला घ्यायचा आणि वर वर सरकत जायचं. मग पुढचा प्रत्येक पत्रा मागच्यावर चढतो आणि दोन पत्र्यांमधली फट पावसाकडे पाठ करते. जो वरनं सुरुवात करील त्याच्या घरात जूनभर पराती मांडलेल्या. पूर्व आणि पश्चिम हे शब्द अब्बांनी आयुष्यात दहा वेळा उच्चारले नसतील, आणि त्यांनी घातलेलं एकही छप्पर गळलं नाही. एकदा कान्ह्यातच नंदाबाईच्या घरावर काम चाललं होतं. दुपारची वेळ झाली, अब्बांनी छपरावरच जरा सपाट जागा बघून घाटाकडे तोंड केलं आणि नमाज पढले. खालून नंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बघत होती. उतरल्यावर म्हणाली, "भाऊ, वर तोंड करून काय बगत हुता?" अब्बा पाणी पिऊन म्हणाले, "जितनं पाऊस येतो ती बाजू, बाय. बाकीचंबी तितनंच येत आसंल." नंदाबाईला ते इतकं पटलं की ती त्या बाजूला बघून हात जोडती झाली. आणि चार वर्षांपूर्वी अब्बांना कबरीत ठेवलं तेव्हा पुण्याहून आलेले मामा, तोंड पश्चिमेला, पश्चिमेला, असं सांगत होते आणि कबर खणणाऱ्यानं फावडं थांबवून विचारलं होतं, "वरच ना?" भावानं हो म्हटलं. घरी येऊन त्यानं नसीमला हे सांगितलं होतं आणि दोघं त्या दिवसात पहिल्यांदा जराशी हसली होती. अब्बा अजूनही वर तोंड करून आहेत. त्यांना कोणी सांगावं की शब्द चुकला.

बारा वाजता टोळी जेवायला बसली. सांगाड्यांवर ताडपत्री टाकून केलेल्या सावलीत ओळीनं भाकऱ्या सुटल्या. सावली चांगली पडली होती, चुकीच्या दिशेची का असेना. नसीम हौशीरामसमोर जाऊन उभी राहिली. जीभ बदलायला तिला टाकीची गरज पडली नाही.

"आबा, खोटं का बोलला?"

"बस. भाकर खा."

"कागद उलटा धरला म्हनं. कागद तुमी उगाडला तरी हुता का?"

हौशीरामनं कांदा हातानं फोडला. "पोरी, तुजं पुढं लय हाय. माजं काय ऱ्हायलं? फार तर हितनं काडत्याल. लग्नाच्या मांडवाची कामं हायेत, गवंडीकाम हाय. आमची पोटं काय ह्या पत्र्यांवर न्हाईत. सही कर आन मोकळी हो."

"आन ही धा जनं?"

"ती माज्यासंगं येत्याल."

"सगळ्या कागदावर लिवत्याल, अडानी टोळी हाय म्हनून."

"लिवूं दे. आमाला कुटं वाचता येतंय," हौशीराम म्हणाला आणि स्वतःच हसला. दोघातिघांनी साथ दिली. नसीम हसली नाही. तिला एकदम राग आला, आणि तो मॅडमचा नव्हता, कंपनीचाही नव्हता. या म्हाताऱ्याचाच आला. किती सहज वाकतो हा. पाठीला सवय आहे म्हणून. आमी अडानी मानसं, हे वाक्य यानं किती साहेबांपुढे, किती गच्च्यांवर म्हटलं असेल, आणि दर वेळी ते ऐकून कोणाची तरी सुटका झाली असेल. गुरुजी हसले तेव्हा तीसुद्धा अशीच वाकली होती. वहीचं पान भरून वाकली होती. आज आबा तिच्यासाठी वाकतोय आणि तिनं सही करायची, म्हणजे वर्गात बसून आपणच आपल्याला हसायचं.

"अडानी न्हाई तुमी," ती म्हणाली. आवाज नको तितका मोठा झाला, कोपऱ्यात बसलेल्यांनी घास थांबवले. "तुमी इचारलं हुतं. मी व्हय म्हनले हुते. मला सांगनाऱ्याला मी इचारलंच न्हाई, आन तुमी मला इचारलं. अडानी कोन मग?"

"आगं, हळू."

"न्हाई हळू."

ती जिना उतरली. टाकीपाशी क्षणभर थांबली, सवयीनं, आणि मग तशीच पुढे गेली. ऑफिसात मॅडमनी प्रिंट काढून ठेवली होती, वर पेन. नसीमनं पेन उचललं, कागद पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली.

"काय करताय?"

"मॅडम, कागद उलटा धरला असता तर तोंडं कुठे गेली असती?"

अनघा मॅडमनी मान वर केली. इंजिनिअर होती बाई. उत्तर आपसूक आलं. "उत्तरेला."

"आणि गेलीत पूर्वेला. कसाही उलटा धरा, पूर्व येत नाही. पूर्व माझ्या तोंडून गेली." तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. चांगलं खणखणीत वाचलं, शेजारच्या टेबलावरच्या कारकुनालाही ऐकू जाईल असं. "सोमवारी, रांगांची तोंडं खालच्या अंगाला करा, अशी सूचना मी मुकादम हौशीराम यांना फोनवर दिली. त्यांनी खालचं अंग म्हणजे तळेगावची बाजू ना, असं विचारून खात्री केली. मी हो म्हटलं. त्यांनी काम सूचनेप्रमाणे बिनचूक केलेलं आहे. चूक माझी आहे."

मॅडमनी तो कागद आपल्याकडे वळवून पुन्हा वाचला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे असं नका देऊ, प्लीज. निदान ते 'खालच्या अंगाला' खोडा. साहेब हसतील हो. चुकीची दिशा सांगितली, एवढंच लिहा."

मॅडमनी हे मायेनं सांगितलं होतं, आणि म्हणूनच ते गुरुजींच्या हसण्यापेक्षा खोल गेलं. नसीमला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. "हसू द्या. नाही खोडणार," ती म्हणाली. "शब्द चुकीचा नाही, मॅडम. माझ्या बापानं आयुष्यभर त्या शब्दावर छपरं घातली. मी तो चुकीच्या ठिकाणी वापरला, ती माझी चूक. तेवढीच लिहिलीय. त्याच्यावर एक अक्षर जास्त नाही आणि कमी पण नाही." आणि तिनं सही केली, नसीम राजमहंमद मुलाणी, पूर्ण नाव, लांबलचक.

पुण्याला फोन झाला. मॅडम दार लावून बोलत होत्या, तरी काचेतून त्यांचे हात दिसत होते. भांडत होत्या बिचाऱ्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. टोळी राहील, त्यांचं नाव कुठे जाणार नाही. रांगा फिरवायच्या, सोमवारच्या आत. तळेगावच्या कामावर दुसरा सुपरवायझर पाठवणार आहेत. "आणि हे काम संपल्यावर तुमचं काय, ते साहेब नंतर बघू म्हणाले. मी प्रयत्न केला, नसीमताई."

"बघू दे नंतर," नसीम म्हणाली. "हे पुरं करूनच मी खाली उतरणार. तोवर मला कोणी उतरवत नाही." घरी दोन मुली होत्या, धाकटीची दहावी होती, हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच. पण आवाज सरळ निघाला.

ती वर आली तेव्हा हौशीराम कठड्यापाशी पाठ करून उभा होता. बातमी तिच्या आधीच जिना चढली होती. तो वळला नाही. "कशाला गेलीस," म्हणाला. "म्हाताऱ्याचं ऐकायचं न्हाई, आसं ठरीवलंय काय?" पंच्यानं तोंड पुसलं, त्यात किती घाम होता देव जाणे. मग नाक ओढून कामाचं बोलला, कारण त्याच्यासारख्याला दुसरं काय येतं. "पाय काडून फिरीवायला तीन दिस जात्याल. जुनी भोकं बुजवून घिऊ, गळायचं न्हाई. पर आता शबूद नीट सांग. दक्षीन-बिक्षीन नको. ह्या पोरांना कळंल आसं सांग."

नसीम गच्चीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. वर घाट, धुरकट. खाली तळेगावच्या अंगाला कारखान्यांच्या चिमण्या. ती दक्षिणेला पाव वळण फिरली. समोर डोंगराची लांब रांग, उन्हात तापून तपकिरी झालेली, आणि त्या रांगेपलीकडे, इथून न दिसणारं पण इथल्या प्रत्येकाला ठाऊक असलेलं पवना नदीचं पाणी. अब्बा तिकडच्या गावांना निघाले की आई विचारायची, आज कुटं? आणि ते सायकलची घंटी वाजवून म्हणायचे, पवनेकडं. शब्द केव्हाचा घरात होता. सोमवारी तिनं तो उचलला नाही, एवढंच.

"पवनेकडं," ती म्हणाली.

हौशीराम वळला. डोंगराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "हां," तो म्हणाला. "आसं सांगितलं आस्तंस तर." आणि पाना उचलला.

मॅडम जिन्याच्या दारात येऊन थांबल्या होत्या. त्यांनी मोबाइल काढला, होकायंत्र उघडलं, काटा स्थिर व्हायची वाट पाहिली, आणि दुसऱ्या हातातल्या ड्रॉइंगवर, खालच्या कडेला, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. "पवनेकडे की पवनेकडं?" त्यांनी विचारलं.

"डं," नसीम म्हणाली. "वर टिंब द्या." मग ती टोळीकडे वळली. अकरा माणसं पाने घेऊन रांगांशी उभी होती. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले. "तोंडं कुटं?"

"पवनेकडं!"

खाली ग्रंथालयात शांतता राखा अशी पाटी होती. कोणीतरी खिडकी उघडून मान बाहेर काढली आणि वर पाहिलं. नसीमनं त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.